कुंकवाचं पितळ

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बानं बंबखान्याच्या मागच्या खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि आत म्हातारी नव्हती.

म्हातारी म्हणजे बाई नव्हे. आमच्या कापूरखेड्याचा पहिला आगीचा बंब. लाकडी गाडा, लोखंडी धावांची चार चाकं, वर पितळेची दोन नळकांडी आणि त्यांच्यामधे पितळेचाच घुमट. दोन्ही बाजूंनी माणसं दांडे वरखाली करणार तेव्हा पाणी उडणार. ओढायला दोन बैलजोड्या लागायच्या, एवढी जड. म्युनिसिपालटीनं मोटारबंब आणला तेव्हापासून ती मागच्या पत्र्याच्या खोलीत उभी होती. पण बा तिला सोडत नव्हता. दर आठवड्याला नळकांड्यांतल्या चामड्याला एरंडेल पाजायचा. चामडं वाळलं की बंब नुसती हवा ओढतो. एका साली ते तसं वाळलेलं होतं, आणि कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला टेकून असलेल्या मजुरांच्या झोपड्या जळून गेल्या. त्यात माझी मोठी बहीण ठकू गेली. मी पाळण्यात होते. बा बंबखान्यात कामाला लागला तो त्यानंतर.

आता आत नुसती जमीन होती, आणि झेंडूची फुलं.

बा हिवतापातून नुकता उठलेला माणूस, दाराला धरून तिथंच खाली बसला.

मी आत शिरले. माझं असं आहे, डोकं तापलं की डोळे जास्त चालतात. मिशनच्या शाळेत मास्तरांच्या अंगावर पाटी फेकून मी घरी आले त्याला वर्ष झालं, पण त्यांच्या कोटाचं कुठलं बटण तुटलेलं होतं ते आजही सांगेन.

म्हातारी वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहायची, म्हणून चाकांखाली जमिनीत चार खळगे पडले होते. मी वाकून बघितलं. खळग्यांत धूळ साचलेली, मऊ पिठासारखी. एका खळग्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं.

काल जिची पूजा झाली तिच्या चाकांखाली आज कोळ्याचं जाळं?

मी बाहेर पळाले. अंगणात चिखल. काल तिन्हीसांजेला पाऊस झाला होता. चिखलात पावलं होती ती फक्त दोघांची, बाची आणि माझी. चाकांची एकसुद्धा खूण नाही.

"बा, उठ. हे बघून ठेव," मी म्हटलं.

तो उठायच्या आत बोंब झाली. अर्धा गाव अंगणात घुसला, आणि माझा चिखल सगळा तुडवला गेला.

२

म्युनिसिपालटीचे प्रेसिडेंट रायसिंग बापू आले. धोतराचा सोगा हातात धरून, चिखल चुकवत. त्यांच्यामागं फौजदार.

"याकूब, रातले किल्ली कोनाजोडे व्हती?" बापूंनी विचारलं.

"मन्हाजोडे, बापू."

"दुसरी किल्ली?"

"नही."

फौजदार पुण्याकडचा. त्यानं कुलूप फिरवून पाहिलं. "कुलूप शाबूत. किल्ली याच्याकडे. लढाईमुळे पितळ मिळत नाहीये. आणखी काय शोधायचं?"

"चाकांच्या खुणा कुठं आहेत?" मी ओरडले. "पाऊस पडल्यावर इथून काहीच बाहेर गेलेलं नाही! जाळं बघा आत!"

"तुकडे करून डोक्यावरून नेले असतील. आणि जाळं कोळी एका रात्रीत विणतो, मुली."

"आणि धूळ? धूळपण कोळी विणतो?"

गर्दीतून कोणी तरी बोललं, "ख्रिश्चन मानूस. त्याले पूजानं काय पडेल शे?" मी त्या आवाजाच्या दिशेला धावले. आईनं, सोमीबाईनं, मागून माझी वेणी धरली म्हणून वाचला तो.

बाच्या हाताला दोरी बांधली. बंबखान्यापासून चौकीपर्यंत त्याला चालवत नेलं, आणि दोन्ही बाजूंनी तीच माणसं उभी होती ज्यांच्या घरांवर त्यानं पाणी मारलेलं.

संध्याकाळी आईनं दिलेली भाकर घेऊन मी चौकीवर गेले. घरात आम्ही मावची बोलतो, पण शिपाई म्हणाला मराठीत बोला, मला कळलं पाहिजे.

"बा, किल्ली तुझ्या हातात कधी आली? नीट सांग."

"काल. मिरवणूक झाल्यावर. दिलवरसिंगनं दिली."

दिलवरसिंग म्हणजे मोटारबंबाचा ड्रायव्हर. बा गणपतीआधीपासून तापानं पडलेला, तेव्हा किल्ली त्याच्याकडे गेली होती.

"तू बरा झालास तेव्हा आत जाऊन म्हातारीला बघितलंस?"

बा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मी काही वेडंवाकडं विचारलं. "दसरा होता ना. मी गेलो तेव्हा ते तिला फुलं चढवत होते."

हे मला सांगायची गरज नव्हती. खंडेनवमीपासून दसरा होईपर्यंत बा म्हातारीपासून लांब राहतो. कोणी त्याला सांगितलेलं नाही, तोच राहतो. पूजा त्यांची, मान त्यांचा. आणि ते लोक पूजेच्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. नांगर नाही, करवत नाही, बंबाचा दांडा नाही. म्हणजे वर्षातून तेवढाच एक वेळ असा, की जो तिला हातानं ओळखतो तो जवळ जात नाही, आणि जे जवळ जातात ते तिला चालवून बघत नाहीत.

"आणि किल्ली मिळाल्यावर?"

"पाऊस सुरू झाला. मी कुलूप हलवून बघितलं. लागलेलं होतं. घरी आलो. भिजून आलो, तूच तर टॉवेल दिलास."

मी भाकर गजांतून आत सरकवली.

बाच्या हातात किल्ली आली तेव्हा पाऊस सुरू झाला. पाऊस झाल्यावर काही बाहेर गेलेलं नाही. म्हणजे बानं कुलूप हलवून पाहिलं तेव्हा आत आधीच काही नव्हतं.

मग दसऱ्याला गावभर मिरवलं ते काय?

३

बापूंच्या बायकोचं नाव रुखमाबाई. गाव त्यांना काकी म्हणतं. दसऱ्याला म्हातारीला पहिलं कुंकू त्यांचंच. मी मागच्या दारानं गेले. काकी तांदूळ निवडत होत्या.

"ये वं पोरी, बैस. तुन्हा बापनी असं करं व्हई, असं माले नही वाटत. पन मन्ही कोन आयकस?"

"काकी, दसराले म्हातारी कोन वढी?"

"दिलवरसिंगनी जोडी."

"एकच?"

"एकच. मी म्हनं बी त्याले, भारी बैल शेत रे तुन्हा! झुलझुल चाली ऱ्हायनात." काकी हसल्या, आणि मग त्यांचा हात सुपातच थांबला. दोन जोड्यांचं ओझं एक जोडी झुलझुल नेत नाही, हे त्यांनाही कळलं.

"अन् कुंकू लावं तधळ?"

काकींनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. "अंगठाले सोनं लागनं. माले वाटनं, यंदा बेगड लाई दिन्ही. चांगलं दखाई ऱ्हायनं व्हतं."

"आधीनं कुंकू दखायनं का?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. म्हातारीच्या घुमटावर दर साली कुंकू लागायचं आणि बा ते कधी पुसायचा नाही. सगळं पितळ चिंचेनं घासायचा, पण कुंकवाच्या कडेकडेनं. एवढ्या वर्षांत त्याचा थर जाड झालेला, खडबडीत, खाली टोक असलेल्या पिंपळाच्या पानासारखा.

"नही वं," काकी हळूच म्हणाल्या. "कोरं व्हतं."

म्हणजे बांबूच्या कामट्या, वर कागद, वर बेगड, वर चाकं झाकतील एवढा झेंडू. खाली साधी बैलगाडी. मिरवणूक झाल्यावर आत नेली, फुलं उतरवली, कामट्या मोडून गाडीत टाकल्या आणि पावसाआधी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाडी बाहेर. दसऱ्याच्या दिवशी फुलांची रिकामी गाडी कोण बघतो?

"काकी, हे फौजदारले सांगशात?"

काकींनी सूप उचललं. आत बापूंच्या खोकल्याचा आवाज आला.

"मी काय सांगं तुले?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी काही नही सांगं. जाय तू."

४

बंबखान्याच्या पुढच्या बाजूला दिलवरसिंग मोटारबंब पुसत होता. लाल रंग, मोठे दिवे. बापूंनी तो आणला त्या दिवशी बँड लावला होता, साखर वाटली होती.

"काय वं, बापले सोडाडाले उनी का मोटर दखाले?"

"मोटर दखाले. बरी झाई का ती?"

"तिले काय व्हयेल व्हतं? मन्ही मोटर नवरीगत शे."

"तुन्ही नवरी गनपतीपहिले गळे. कुत्रा तिन्हा खाले बसीसन पानी पेत."

फडकं थांबलं. "पार्ट उना. मुंबईथून. बापूंनी मंगाडा."

ही थाप होती. बा ताप यायच्या आधी बापूंकडे चामड्याचा एक तुकडा मागायला गेला होता. मी सोबत होते. बापू म्हणाले होते, लढाई सरेपर्यंत मुंबईहून खिळासुद्धा येणार नाही. बाला तुकडा मिळत नाही, आणि ह्याला अख्खा पार्ट?

मी मोटारीच्या मागच्या अंगाला गेले. पंपावर लोखंडी झाकण, आणि झाकणाच्या कडेला पितळेची नवी कोरी पट्टी, हातानं ओतलेली, जरा वाकडी. खाली जमीन कोरडी. कुत्री निघून गेलेली.

मग वास आला.

मोटारीला ग्रीसचा वास असतो. हा तो नव्हता. हा माझ्या घराचा वास होता. बाच्या सदऱ्याचा, उशीचा, त्यानं लहानपणी माझ्या केसांतून हात फिरवला की मागं राहायचा तो. एरंडेल आणि चामडं.

मी झाकणावर हात ठेवला. दिलवरसिंगनं माझं मनगट धरलं.

"हन्ना," तो म्हणाला. त्यानं आधी कधी मला नावानं हाक मारली नव्हती. "ऱ्हावू दे. मन्ही दोन पोरं शेत."

"मन्हा बाप एकच शे," मी म्हटलं आणि त्याच्या हाताला चावले.

५

पट्टी हातानं ओतलेली होती, आणि गावात ओतकाम करणारा एकच, रेवजी ओतारी. बैलांच्या घंटा, देवांच्या मूर्ती, समया. मी गेले तेव्हा भट्टी विझलेली होती आणि तो ओट्यावर विडी पीत होता.

"आते काम बंद शे, पोरी."

"माले काम नही करनं. पानी पाज."

पाण्याला तो नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं. तो माठाकडे वळला, आणि मी घरात डोकावले. भट्टीशेजारी जळाऊ लाकडाचा ढीग. त्यात एका फळीला जुना लाल रंग होता. बंबाच्या गाड्याचा.

पण माझी नजर त्यापुढं गेली. कोपऱ्यात त्याचा देव्हारा. खंडोबाचे टाक, देवीची मूर्ती, आणि त्यांच्यामागं भिंतीला टेकवलेला पितळेचा एक वाकडा तुकडा. ताटाएवढा. त्यावर कुंकवाचा जाड थर. पिंपळाचं पान.

रेवजी तांब्या घेऊन मागं उभा होता. मी कुठं बघते ते त्यानं पाहिलं. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"बाकी बठ्ठं वितळाडं," मी म्हटलं. "हाई काब्र ठेवं?"

"कुंकू लागेल पितळ भट्टीमां कसं टाकू मी?" तो खाली बसला. "बापूंनी सांगं, टाक. मी तेवढा भाग कापी लिन्हा. देवनं व्हयेल शे ते. मन्हा हात नही वळना."

मग त्यानं सगळं सांगितलं. श्रावणात मोटारीच्या पंपाचं नळकांडं तडकलं. बँड वाजवून आणलेली मोटार एक आगसुद्धा न बघता गेली, हे बापूंना गावाला सांगवेना. म्हातारी मोडतो म्हटलं असतं तर गावानं त्यांना फाडून खाल्लं असतं, कारण ती पूजेची. तेवढ्यात बा तापानं पडला. गणपती बुडवायच्या दिवशी दर साली म्हातारी नदीवर जाते, रस्त्यावर पाणी मारते. ह्या सालीही गेली, दिलवरसिंगनं नेली. परत आलेली कोणी पाहिली नाही, कारण परत येणाऱ्या बंबाकडे कोणी बघत नाही. चाकं डोहात टाकली, लाकूड रेवजीच्या भट्टीत आलं. घुमट ओतून जोडपट्ट्या केल्या. आणि दोन नळकांडी न वितळवता, जशीच्या तशी, मोटारीच्या पंपात बसवली.

"एक नळकांडाले तुन्हा बापनं ठिगळ शे," रेवजी म्हणाला. "तांबानं. खिळा मारेल. माले काढवलं नही."

"म्हणजे पंप उघडला की दिसेल?"

"दखाई."

मी उठले. "तू फौजदारसमोर बोलशी?"

त्यानं विडी जमिनीवर दाबली आणि पायात वहाणा घातल्या.

६

तो बोलला. पण वेगळं बोलला.

फौजदार, बापू, रेवजी, दिलवरसिंग, सगळे बंबखान्यात जमले. बाला दोरीनं आणलेलं. त्याला पुन्हा ताप भरला होता, डोळे पिवळे. मी सगळं सांगितलं. खळगे, पाऊस, एक बैलजोडी, अंगठ्याचं सोनं, वास, देव्हारा.

फौजदारानं रेवजीला विचारलं, "पितळ कोणी आणून दिलं?"

रेवजीनं बापूंकडे बघितलं. मग जमिनीकडे. "याकूबनी."

"खोटं!" मी त्याच्यावर धावले. शिपायानं मला धरलं. "पंप उघडा! याकूबनं दिलं तर नळकांडी मोटारीत कशी गेली? बाचं ठिगळ आहे आत! उघडा ना!"

फौजदार वाईट माणूस नव्हता. त्यानं मान हलवली. "ही बरोबर बोलते आहे. उघडून बघू. ड्रायव्हर, पाना घे."

दिलवरसिंगनं पाना घेतला. बापूंच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, झालं. मी बाकडे बघून हसलेसुद्धा.

बा माझ्याकडे बघत नव्हता. उघड्या दारातून समोरच्या जिनिंगकडे बघत होता. वेचणी सुरू झालेली. कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, आवारात ढीग लागत होते. आणि भिंतीला टेकून नव्या झोपड्या. सातपुड्यातून मजूर उतरले होते. एक बाई तीन दगडांची चूल पेटवत होती, आणि तिच्या पाठीला पोर बांधलेलं.

"दिलवर," बा म्हणाला. "उघडं ते परत बसी का?"

दिलवरसिंगनं पाना खाली केला. त्याच्या हातावर माझे दात अजून दिसत होते. "नही बसाव, दादा. पॅकिंग कुजी जायेल शे. एकदाव निघनं का गयं."

"दुसरं?"

"लढाई सरस तोवर नही."

"नीट मारस का पानी?"

"मारस. मोटरना नळकांडापेक्षा चांगलं मारस."

बा फौजदाराकडे वळला, आणि शाळेत उत्तर देताना उभं राहतात तसं सरळ उभं राहून म्हणाला, "साहेब, उघडू नका. मीच विकली. लिहून घ्या."

"बा!"

"लिहा, साहेब."

"खोटं बोलतोय तो! त्याला ताप आहे! बा, तू काय बोलतोस? बा!"

तो माझ्याशी मावचीत बोलला, हळूच, शिपायाला कळणार नाही असं. म्हणाला, ती कुठं गेली ते मला कळलं, बास झालं. ती काम करते आहे. तिला मोडू नको.

मी त्याला शिव्या दिल्या. त्याच्याच भाषेत, सगळ्यांसमोर. म्हटलं, ठकू मेली म्हणून मला बाप नको का? फौजदारानं एकदा बाकडे, एकदा मोटारीकडे बघितलं, आणि शिपायाला म्हणाला, "घेऊन चला." बापूंनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

दोरी ओढली तेव्हा बा दिलवरसिंगजवळ थांबला. "एरंडेल," तो म्हणाला. "आठवडाले एकदाव. इसरू नको."

७

होळीच्या आधी जिनिंग पेटलं. वाऱ्यानं आग झोपड्यांकडे वळली. मोटारबंब आला, आणि पाणी असं उडालं की भिंतीपलीकडे गेलं. एकही झोपडी जळाली नाही. बापूंनी दिलवरसिंगला चौकात हार घातला. हार घालून घेताना तो रडला. लोकांना वाटलं, आनंदानं.

बा तेव्हा धुळ्याच्या तुरुंगात होता. होता असं आम्हाला वाटत होतं. होळी झाल्यावर चौकीवरचा शिपाई घरी आला, ओट्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, हिवतापात गेला, तिकडेच पुरलं. कधी गेला ते त्याला माहीत नव्हतं. आईनं विचारलं, त्याच्या अंगावर कोणता सदरा होता. तेही माहीत नव्हतं. गावात आजही विचारलं तर सांगतात, म्हातारी याकूबनं विकली. चौकात मी दोघांशी मारामारी केली, एकाचा दात पाडला. सांगतात ते सांगतातच.

उन्हाळ्यात मी बंबखान्यावरून जात होते. मोटार दारात उभी होती. दिलवरसिंग नव्हता. मी मुद्दाम थांबले नाही, पण नाक थांबलं. वास नव्हता. नुसतं ग्रीस, आणि कोरडं ऊन. चामडं वाळलेलं.

वाळू दे, मी मनात म्हटलं. जळू दे सगळं गाव. बापूंचं घर आधी.

भिंतीशी झोपड्या होत्याच. हंगाम सरला तरी काही लोक वर गेले नव्हते, वर खायला नव्हतं म्हणून. एक पोरगी राखेत बसून माती खात होती.

घरी जाऊन मी बाची एरंडेलाची बाटली काढली. परत आले, पंपावरचं तेलाचं टोपण फिरवलं आणि ओतलं. हळूहळू, तो ओतायचा तसं, बुडबुडा येईपर्यंत. दिलवरसिंग मागून आला आणि तसाच उभा राहिला.

"तू काब्र करस?" तो म्हणाला.

त्याच्याशी मी बोलत नाही. फडकं घेतलं आणि सांडलेलं तेल पुसलं. झाकणावर काकींनी पाडव्याला लावलेलं कुंकू होतं, बोटभर. मी कडेकडेनं पुसलं.

आता दर आठवड्याला जाते. हाताचा वास जात नाही. आई म्हणते, भाकर थापायच्या आधी हात राखेनं धू. मी धूत नाही.